डोलकाठीवरचा दिवा का पेटत नाही?

समजा, एका जुन्या शिडाच्या होडीत तुमचा रात्रीचा मुक्काम आहे. खाडीत नांगर टाकलेला आहे. अंधार पडला, तुम्ही खटका दाबलात, पण बारा मीटर उंच डोलकाठीच्या टोकावरचा पांढरा दिवा काही पेटला नाही. आता 'राहू दे' म्हणून झोपता येणार नाही. नांगरलेल्या होडीवर चारही दिशांनी दिसेल असा पांढरा दिवा हवा, असे समुद्रावरील टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. पन्नास मीटरपेक्षा लहान जहाजाचा हा दिवा निदान दोन सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे ३.७ किलोमीटरवरून दिसला पाहिजे. मासे घेऊन परतणाऱ्या बोटीच्या तांडेलाला तुमची होडी दिसायची ती या दिव्यामुळेच. तेव्हा आजच्या रात्रीपुरता दुसरा पांढरा दिवा दोराने उंच टांगा, आणि बिघाडाचा शोध सकाळी घ्या.

सकाळी बहुतेक लोक काय करतात? डोलकाठीच्या पायथ्याशी तारांची जोडणी असते. ती सोडवून खालून येणाऱ्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावतात. मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो. 'वीज तर येते आहे, म्हणजे वरचा बल्बच गेला,' असे ठरवून कोणीतरी डोलकाठीवर चढतो. होडी खाली थोडीशी कलली, तरी टोकावरचा माणूस मीटरभर झोके खातो. अशा स्थितीत तो नवा बल्ब बसवतो, खाली येतो, खटका दाबतो, आणि दिवा पुन्हा बंदच!

मीटर खोटे बोलला का? नाही. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला.

हे समजायला ओहमचा नियम पुरेसा आहे. दिवा १० वॅटचा, १२ व्होल्टचा धरू. त्यातून सुमारे ०.८३ अँपिअर प्रवाह जातो, म्हणून पेटलेल्या दिव्याचा रोध सुमारे १४.४ ओहम. थंड तंतूचा रोध मात्र याच्या दहाव्या हिश्श्याइतका, दीड ओहमच्या आसपास असतो. आता खटक्याजवळच्या एखाद्या सांध्यावर हिरवा गंज चढून तेथे १०० ओहम रोध तयार झाला आहे, असे समजा. हा रोध दिव्याच्या एकसर जोडणीत आला. प्रवाह उरला जेमतेम ०.१२ अँपिअर आणि दिव्याच्या वाट्याला आले सुमारे ०.२ व्होल्ट. बाकीचा सगळा दाब त्या सांध्याने खाल्ला. तेथे दीड वॅट उष्णता निर्माण होते. सांधा बोटाला कोमटही लागू शकतो!

पण अंकदर्शी मीटरचा स्वतःचा रोध सहसा एक कोटी ओहम असतो. त्यातून प्रवाह जवळजवळ जातच नाही. एक कोटीपुढे शंभर ओहम म्हणजे काहीच नाही, म्हणून मीटरला पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात. बंद नळाच्या तोंडाशी पाण्याचा दाब पूर्णच असतो. नळीत कचरा अडकला आहे हे नळ सोडल्यावरच कळते. तसेच हे.

म्हणून पायथ्याशी मीटरऐवजी वरच्यासारखाच १० वॅटचा दिवा दोन तारा जोडून लावा. तो लख्ख पेटला तर खालचा भाग ठीक. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर दोष खाली आहे आणि वर चढण्याचे कारणच नाही. एका चाचणीत निम्मा परिपथ संशयातून सुटला.

खालचा भाग निर्दोष ठरला तर वर जाणाऱ्या दोन टोकांवर मीटरने रोध मोजा. चांगल्या तारेचा आणि थंड दिव्याचा मिळून दोनएक ओहम रोध यायला हवा. अनंत आला तर तार तुटली किंवा बल्ब गेला. चाळीस-पन्नास ओहम आले तर वर कोठेतरी सांधा कुजला. अर्धा ओहमही नसेल, तर ॲल्युमिनियमच्या धारदार कडेवर घासून तारांचे आवरण फाटले असेल आणि त्या एकमेकींना चिकटल्या असतील. (एलईडी दिव्याला ही मोजणी लागू नाही. तो थोड्या प्रवाहावर पेटतो, त्यामुळे आजारी सांधा लपवूनही ठेवतो.)

सांधे कुजतात ते खाऱ्या ओलाव्याने. मीठ विरघळलेले पाणी वीजवाहक असते, आणि एकदिश प्रवाहात धन टोकाचे तांबे विद्युत अपघटनाने झिजत जाते. शिवाय केशाकर्षणाने पाणी बारीक तंतूंमधून आवरणाच्या आत शिरते. बाहेरून तार नवीकोरी दिसते. सोलून पाहावी तर तांबे काळेठिक्कर! असे काळे तांबे डाक धरत नाही. चकचकीत तांबे लागेपर्यंत तार मागे कापावी. लागलेच नाही तर जुन्या तारेच्या टोकाला नवी, कथिलाचा मुलामा दिलेल्या तंतूंची तार घट्ट बांधून जुनीच ओढून काढावी, म्हणजे नवी आपोआप डोलकाठीतून वर जाते.

होडी नसली तरी हे वर्गात पाहता येईल. दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल एकसर जोडा. पेन्सिलीचे शिसे हाच आपला कुजलेला सांधा. बल्ब मंद झाला नाही तर आणखी एक पेन्सिल जोडा. आता बल्ब काढून त्या दोन टोकांवर मीटर लावा. तीन व्होल्टच्या आसपास आकडा येईल. बल्ब परत लावा, आणि मीटर न हलवता आकडा पुन्हा वाचा.