डावाचे पाठांतर नव्हे, वाचन

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. कळंबा परिसरातील शाळांतही मधल्या सुट्टीत पट मांडलेले दिसतात, ही इष्ट गोष्ट होय. तथापि आरंभीच्या दहा चाली मुखोद्गत असलेली मुले अकराव्या चालीस गोंधळतात, असा अनुभव आहे. पाढ्यांप्रमाणेच येथेही अर्थ उमगल्यावाचून घोकंपट्टी व्यर्थ ठरते. यास्तव एखादा खेळला गेलेला डाव वर्गात वाचावयास घ्यावा.

उदाहरणादाखल, कलकत्त्यास १८५५ साली जॉन कॉक्रेन व महेशचंद्र बॅनर्जी यांच्यात झालेला डाव पाहू. काळी मोहरी महेशचंद्रांची होती. त्यांनी प्रथम राजाकडील घोडा बाहेर काढला, मग त्या घोड्याच्या मूळ घरापुढील प्यादे एकच घर सारले. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. त्या सवयीतून ही मांडणी आली, असे मानतात. तिसऱ्या चालीस वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे आले आणि चौथ्या चालीस प्याद्याने मोकळ्या केलेल्या घरात उंट बसला. हेतू असा की, पटाचा मध्यभाग प्रतिस्पर्ध्यास व्यापू द्यावा व मग तो दुरून उंटाने आणि बाजूने प्याद्याने पोखरावा. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये हाच आरंभ योजिला. आज तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आरंभ उत्तम असूनही महेशचंद्र हरले. अठराव्या चालीस कॉक्रेन यांच्या घोड्याने काळ्या राजालगतचे प्यादे मारले. महेशचंद्रांनी उत्तरादाखल घोड्याने पांढऱ्या वजिरावर हल्ला केला. परंतु त्या वजिराची तिरकी नजर राजावरच होती. पांढरा घोडा बाजूस होताच घोडा व वजीर या दोहोंचा शह; राजा कोपऱ्यात गेला तर वजीर त्याच्या शेजारी बळी जातो, हत्ती त्यास मारतो, आणि घोडा परतून मात करतो. राजाच्या वाटा त्याच्याच मोहऱ्यांनी अडविलेल्या असतात.

शिक्षकांनी असा डाव घेताना पुढील चाली कागदाने झाकाव्यात. प्रत्येक चालीस दोन प्रश्न विचारावेत: ही चाल कशासाठी? प्रतिस्पर्धी आता काय करू पाहतो? उत्तर वहीत लिहून झाल्यावरच कागद सरकवावा. उत्तर चुकल्यास न रागावता ती चाल पटावर खेळवून दाखवावी. दुसरा प्रश्न महेशचंद्रांसारख्या निष्णातासही एकदा निसटला, हे मुलांस अवश्य सांगावे. आठवड्यास एकच डाव पुरे. मात्र तो समजून घेतलेला असावा.