कॉलेजजवळचे घर आणि दहा टक्के मोकळी जागा

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे जग दोनच भागांत वाटलेले आहे : घाटावरचे आणि घाटाखालचे. मलकापूरला आगगाडीतून उतरावे, मोटारीत बसावे, मोताळा मागे टाकावे आणि राजूरचा घाट चढून यावे, की भर उन्हाळ्यातही वारा जरा वेगळा लागतो. बुलढाणा गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर बसलेले आहे. इंग्रज साहेबाला जिल्ह्याचे ठाणे इथेच का आवडले हे निराळे सांगायला नको. रेल्वे नसली तरी चालेल, पण रात्री झोप लागली पाहिजे, असा त्याचा हिशेब असावा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मात्र सपाट काळी जमीन, कपाशी आणि मे महिन्यात अंगाची काहिली.

ही भूगोलाची उजळणी मी एवढ्यासाठी केली, की आज मला घराविषयी बोलायचे आहे. आणि घर म्हटले की माणसे आधी भाडे विचारतात, माती आणि पाणी मागाहून. हा क्रम उलटा हवा, असे नोकरीच्या काळात या जिल्ह्यात पाच बिऱ्हाडे बदलल्यानंतर मला वाटू लागले आहे.

घाटाखालचीच गोष्ट घ्या. कपाशीची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घालून घर बांधले, की तिसऱ्या-चौथ्या वर्षी भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघते. मालक ती चुन्याने बुजवतो, पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. या मातीसाठी रुरकीच्या इमारत संशोधन संस्थेने तळाशी कांद्यासारखा फुगीर असलेला काँक्रीटचा खांब पायात घालण्याची पद्धत रूढ केली. खांब खोल, न हलणाऱ्या थरापर्यंत जातो, म्हणून वरची माती फुगली-आकसली तरी घर जागचे हलत नाही. तेव्हा शेगाव-नांदुऱ्याकडे भाड्याने घर पाहताना मी प्रथम चुन्याचे ताजे पट्टे शोधतो. दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या दोन्ही काठांनी जो खारपाणपट्टा पसरला आहे, तिथे विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारे. ‘घरात स्वतःची बोअर आहे’ हे वाक्य घाटावर कौतुकाचे असेल. घाटाखाली त्याच्यापुढे ‘आणि नळ?’ असे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. बुलढाण्याला निदान पैनगंगेवरच्या येळगाव धरणाचे गोड पाणी आहे, मग ते रोज येवो की न येवो.

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्या जिल्ह्यात विद्यापीठ नाही. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाले तेव्हापासून आमच्या पोरांची तोंडे पूर्वेकडे. पुढे १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम एवढा मुलूख त्याच्याकडे आला. आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. बुलढाण्याहून ते सुमारे दोनशे किलोमीटर. म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हा मार्ग बंद. एम. एस्सी. करायचे तर तिथे राहायचे, आणि वसतिगृहात नाव लागले नाही तर खोली शोधायची. माझ्या मुलीचे नाव लागले नाही.

अमरावतीचे विद्यापीठ तपोवनाजवळ आहे. तपोवन म्हणजे डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेली वसाहत. ज्या माणसांना गावाने बाहेर काढले, त्यांना त्यांनी गावाबाहेर एक गाव करून दिले. एके काळी लोक ज्या बाजूला पाऊल टाकीत नसत, त्याच बाजूला पुढे विद्यापीठ आले. त्याच्या मागे पोहरा-मालखेडचे जंगल, बाजूला वडाळीचा तलाव आणि वनखात्याचे बांबू उद्यान. विद्यापीठाच्या आवारात बिबट्या दिसल्याची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते, आणि ती खरी असते. बगीचा, तलाव, जंगल, ग्रंथालय, सगळे पायी जाण्याच्या अंतरावर. अशा ठिकाणी खोली महाग असणार, असे मी धरून चाललो होतो.

तसे निघाले नाही. कॅम्पात, म्हणजे साहेबलोकांच्या बंगल्यांच्या जुन्या भागात, आम्ही विचारायचेही धाडस केले नाही. पण विद्यापीठाच्या पलीकडच्या नव्या वस्त्यांत खोल्या परवडणाऱ्या होत्या. कारण सोपे आहे. बाजार, बसस्थानक, दवाखाने हे सारे जुन्या शहरात. विद्यापीठ शहराच्या टोकाला. नोकरदार कुटुंबाला बाजाराजवळ राहायचे असते, विद्यार्थ्याला ग्रंथालयाजवळ. दोघांच्या गरजा वेगळ्या, म्हणून विद्यार्थ्याला आवडणारी जागा बाकीच्यांनी अजून महाग केलेली नसते. हे ‘अजून’ मात्र लक्षात ठेवावे. रस्ता रुंद झाला, दोन हॉटेले आली, शिकवणीवर्ग आले, की हिशेब बदलतो.

आम्ही पाहिलेल्या एका घराच्या मालकीणबाईंनी दारातच सांगून टाकले, “भाऊ, पोरीची चिंता नका करू, ते मायी पोरगी समजा. पण पाणी एक दिवसाआड येते, अन् रात्री अकराले येते. मोटर तिलेच लावा लागन. आताच सांगून ठेवतो, मंग म्हनान का सांगतलं नाही.” मला ही बाई फार आवडली. तिच्या आधी ज्याने ‘चोवीस तास पाणी’ म्हणून सांगितले होते, त्याच्या गच्चीवरची टाकी मी चढून पाहिली. तळाला पाल मेलेली होती.

इथे करारनाम्याविषयी थोडे सांगतो, कारण त्यात आपली माणसे हमखास फसतात. खोलीचा करार अकरा महिन्यांचा का असतो? तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी अकराची पळवाट काढली आणि साध्या मुद्रांक कागदावर सह्या करून मोकळे होऊ लागले. पण महाराष्ट्रात ही पळवाट केव्हाच बुजली आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या ५५ व्या कलमाने भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा कोणताही करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने नोंदवला नाही, तर अटींविषयी वाद निघाल्यावर भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे असल्याचे मालकाने सिद्ध करीपर्यंत. शिवाय मालकाला दंड वा कैदही होऊ शकते. दुसऱ्या बाजूनेही ऐका. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. कायदा दोघांचेही कान धरतो. मालकीणबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “नोंदवू ना, काहून नाही? पैसे अर्धे-अर्धे.” तसे केले.

खोलीच्या खिडकीतून समोर एक मोकळे मैदान दिसत होते. चार कडुनिंब, एक घसरगुंडी, संध्याकाळी म्हातारी माणसे. मुलगी म्हणाली, “बाबा, हेच घर.” तिने भाडेही विचारले नव्हते. आणि मला मात्र ते मैदान पाहून आमच्या बुलढाण्याच्या कॉलनीची आठवण झाली, आणि थोडी लाजही वाटली.

त्याचे असे आहे. शेतजमीन अकृषिक करून तिचे प्लॉट पाडायचे तर नगररचना खात्याकडून अभिन्यास, म्हणजे आपण ज्याला लेआउट म्हणतो, तो मंजूर करून घ्यावा लागतो. जमीन ०.४ हेक्टर किंवा अधिक असेल, तर तिच्यातली १० टक्के जागा करमणुकीसाठी, बगीच्यासाठी मोकळी सोडलीच पाहिजे, असा नियम आहे. एक हेक्टर जमीन असली तर १००० चौरस मीटर. आपल्या भाषेत जवळजवळ दहा गुंठे. दहा गुंठ्यांत काय होत नाही? मुलांचे क्रिकेट होते, बायकांचे वाळवण होते, पावसाचे पाणी मुरते आणि शेजारच्या बोअरला जीव येतो. ही जागा प्लॉट पाडणाऱ्याची दानत नव्हे. तिची किंमत त्याने प्रत्येक प्लॉटच्या दरात आधीच चढवलेली असते. बगीचा आपण विकत घेतलेला असतो, फक्त त्याचा कागद आपल्या हातात नसतो.

आणि इथेच परवडणाऱ्या घराचा खरा पेच आहे. प्लॉट स्वस्त का मिळतो? पुष्कळदा तो गुंठेवारीचा असतो म्हणून. शेताचे तुकडे करून साध्या कागदावर विकले, लेआउट मंजूर नाही, म्हणून मोकळी जागा सोडलेली नाही, रस्ता बैलगाडीपुरता, गटार नाही. जे वगळले, तेवढाच तो स्वस्त. २००१ साली राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ दिला. शुल्क भरून घर कायदेशीर होते, हे चांगलेच झाले. गरिबाच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली. पण कोणत्याही शुल्काने दहा गुंठे मोकळी जागा परत उगवत नाही. चारी बाजूंनी घरे झाल्यावर ती आणणार कोठून? पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ साली हिंदुस्थानात आला, गावोगाव पायी हिंडला, आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्राचा व समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढू नका. आहेत त्या विहिरी, तळी, पारावरच्या जागा आधी वाचवा, असे तो सांगत असे. त्याचे ऐकणे तेव्हा फुकटात होते. आज तेच करायला भूसंपादन लागते.

आमच्या कॉलनीचा लेआउट मंजूर होता, म्हणजे आम्ही भाग्यवान. विकणाऱ्याच्या छापील पत्रकात मोकळ्या जागेवर कारंजेसुद्धा काढलेले होते. पण दहा-बारा वर्षे आम्ही कोणी तिकडे ढुंकून पाहिले नाही. तिथे काटेरी बाभळी वाढल्या, मग कोणीतरी गिट्टी टाकली, मग वाळू, आणि एका दिवाळीत टिनाची शेड उभी राहिली. शेडवाल्याकडे जागा विकत घेतल्याचा कागदही होता. कोणी दिला, ते इथे सांगत नाही. आम्ही नुसते चरफडलो. “आपल्याला काय करायचं आहे,” असे सर्वांत मोठ्याने म्हणणारा मीच होतो.

अमरावतीहून परत आल्यावर मी माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. २००५ च्या त्या कायद्याने तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. मला पहिल्या अपिलानंतर मिळाले. मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत हाती आली आणि हिरव्या रंगाचा तो चौकोन त्यात स्वच्छ दिसला. नकाशात मोकळी म्हणून दाखवलेली जागा विकता येत नाही, मग विकणारा कोणीही असो. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या एका प्रकरणात उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देणे रद्द ठरवले होते. रुग्णालयासारखी चांगली गोष्टही उद्यानाच्या जागेवर नको, असे जर न्यायालय म्हणते, तर वाळू-गिट्टीच्या शेडची काय कथा! तो निकाल आणि नकाशा अशा दोन प्रती घेऊन आम्ही अकरा जण कचेरीत गेलो. तारखा पडल्या, पाहणी झाली, पुन्हा तारखा पडल्या. शेड गेली. गिट्टीचा ढीग अजून आहे.

हे सांगण्याची घाई मला एका कारणाने झाली. २०२४ साली बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला शंभर जागांची परवानगी मिळाली. आजवर आमची पोरे खोल्या शोधायला बाहेर जात. आता बाहेरची पोरे आमच्याकडे खोल्या शोधायला येत आहेत. थंड हवा, जवळ ज्ञानगंगेचे अभयारण्य, घरभाडे मोठ्या शहरांच्या मानाने कमी. म्हणजे उद्या अमरावतीच्या त्या मालकीणबाईंच्या जागी आपण असणार. माळ्यावर खोली चढवण्याआधी करार नोंदवायची तयारी ठेवावी, टाकी धुऊन घ्यावी, आणि प्लॉट घेणाऱ्यांनी विक्रेत्याचे पत्रक बाजूला ठेवून नगरपरिषदेतून मंजूर नकाशा पाहावा. नकाशावर हिरवा चौकोन दिसला, तर त्याच संध्याकाळी त्या जागेवर जाऊन तो मोजावा.

आमच्या चौकोनात गेल्या पावसाळ्यात सात कडुनिंब लावले. दोन शेळ्यांनी खाल्ले. उरलेल्या पाचांना कुंपण केले आहे, आणि पाण्याची पाळी घरोघरी लावून दिली आहे, गुरुवार माझा. मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिने विचारले, “बाबा, घसरगुंडी कुठे आहे?” तिचा अर्ज नगरपरिषदेत पडून आहे.