जागतिक विषमतेची तीन मापे

जगातील आर्थिक विषमता वाढत आहे की घटत आहे, या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे दिली जातात, आणि दोन्ही उत्तरांच्या पाठीशी विश्वसनीय आकडे असतात. यावरून कोणत्या तरी एका पक्षाचे आकडे खोटे असले पाहिजेत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. बहुधा दोन्ही पक्षांनी निरनिराळे प्रश्न विचारलेले असतात व त्यांना एकच नाव दिलेले असते. हे प्रश्न कोणते, त्यांची उत्तरे वेगवेगळी का येतात आणि आर्थिक वाढ व दारिद्र्य यांच्या चर्चेत त्यामुळे कोणता गोंधळ होतो, हे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अर्थशास्त्रज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी या विषयात तीन कल्पनांचा भेद केला आहे. पहिल्या कल्पनेत प्रत्येक देश हा एक घटक मानून देशांच्या दरडोई उत्पन्नांची तुलना केली जाते. येथे चीन व नेपाळ यांचे वजन सारखेच असते. दुसऱ्या कल्पनेतही तुलना दरडोई उत्पन्नांचीच असते, परंतु प्रत्येक देशाला त्याच्या लोकसंख्येइतका भार दिला जातो. तिसऱ्या कल्पनेत देशांच्या सीमा बाजूला ठेवून जगातील सर्व माणसे त्यांच्या प्रत्यक्ष उत्पन्नानुसार एका रांगेत उभी केली जातात. पहिल्या दोन मापांत देशांतर्गत विषमता मुळीच येत नाही. तिसऱ्यात ती येते.

एका काल्पनिक उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. क, ख, ग व घ असे चार देश आहेत. त्यांची लोकसंख्या अनुक्रमे १००, ५, १० व ५ कोटी आहे आणि वार्षिक दरडोई उत्पन्न अनुक्रमे १,०००, २,०००, १०,००० व २,००० रुपये आहे. वीस वर्षांनंतर लोकसंख्या तीच राहून क चे उत्पन्न २,५०० व ग चे १५,००० झाले, तर ख व घ यांचे मात्र १,५०० वर घसरले, असे समजू. विषमता मोजण्यासाठी गिनी गुणांक वापरू. सर्वांचे उत्पन्न समान असेल तर हा गुणांक ० असतो, व सर्व उत्पन्न एकाच घटकाकडे गेले तर तो १ च्या जवळ जातो. पहिल्या मापाने हा गुणांक ०.४५ वरून ०.५१ वर जातो, म्हणजे विषमता वाढली. दुसऱ्या मापाने तो ०.४१ वरून ०.३० वर येतो, म्हणजे विषमता बरीच घटली. आता क देशात आरंभी अर्ध्या लोकांचे उत्पन्न ८०० व अर्ध्यांचे १,२०० होते आणि अखेरीस ते अनुक्रमे १,००० व ४,००० झाले, असे धरू. इतर देशांतील अंतर्गत विषमता सोपेपणासाठी सोडून दिली, तर तिसऱ्या मापाने गुणांक ०.४५ वरून ०.४६ होतो. म्हणजे विषमता जवळजवळ होती तेथेच राहिली. घटना एकच, पण निर्णय तीन.

गेल्या अर्धशतकाचा इतिहास या उदाहरणाहून फारसा निराळा नाही. १९८० ते २००० या काळात आफ्रिकेतील सहाराच्या दक्षिणेकडील देशांचे सरासरी दरडोई उत्पन्न वाढण्याऐवजी घटले. लॅटिन अमेरिकेची १९८० नंतरची दहा वर्षे कर्जाच्या संकटात वाया गेली. १९९१ साली सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर त्यातून निघालेल्या राष्ट्रांचे उत्पन्न कोसळले. साहजिकच या काळात पहिल्या मापाने विषमता वाढलेली दिसते. परंतु याच काळात, १९७८ च्या सुधारणांनंतर, चीनची वाढ अतिशय वेगाने झाली आणि भारताच्या वाढीचा वेगही १९८० नंतर वाढला. या दोन देशांतच जगाची एकतृतीयांशाहून अधिक लोकसंख्या असल्यामुळे दुसऱ्या मापाने विषमता घटली. चीन वगळल्यास मात्र त्या काळातील ही घट दिसेनाशी होते. तिसऱ्या मापाने जगाचा गिनी गुणांक विसाव्या शतकाच्या अखेरीस ०.७० च्या जवळपास होता. तो २०१० नंतरच्या दशकात ०.६० ते ०.६५ च्या दरम्यान आला. अत्यंत विषम गणल्या जाणाऱ्या दक्षिण आफ्रिकेचा गुणांक ०.६३ च्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे उरलेल्या विषमतेची कल्पना येते.

दारिद्र्याचा प्रश्न याहून वेगळा आहे, कारण तेथे तुलना इतरांशी नसून एका ठरावीक रेषेशी असते. वरील उदाहरणातच दारिद्र्यरेषा ९०० रुपये धरली, तर आरंभी ५० कोटी लोक दरिद्री होते व अखेरीस एकही उरला नाही. रेषा १,१०० रुपये धरली, तर आरंभी ५० कोटी व अखेरीसही तेच ५० कोटी दरिद्री राहतात. तेव्हा रेषा कोठे आखावी हा केवळ तांत्रिक तपशील नव्हे. जागतिक बँकेने २०२५ च्या जूनमध्ये आपली रेषा दरडोई प्रतिदिन २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली, तेव्हा २०२२ या एकाच वर्षाच्या दरिद्री लोकांचे जागतिक प्रमाण ९ टक्क्यांवरून १०.५ टक्क्यांवर गेले. या बदलाने कोणाच्याही ताटातील घास कमी झाला नव्हता. नव्या किंमती व नव्या पाहण्या हिशेबात घेतल्याचा तो परिणाम होता.

किंमतींचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. देशादेशांतील उत्पन्ने बाजारातील विनिमय दराने तोलली, तर गरीब देश आहेत त्याहून गरीब दिसतात, कारण तेथे न्हाव्याची मजुरी, घरभाडे किंवा प्रवास स्वस्त असतो. म्हणून क्रयशक्तीच्या समतेवर आधारलेले दर वापरले जातात. हे दर ठरविण्यासाठी देशोदेशी किंमतींची पाहणी करावी लागते. २००५ च्या पाहणीत चीनने प्रथमच भाग घेतला आणि भारतानेही १९८५ नंतर प्रथमच. तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा या दोन्ही अर्थव्यवस्थांचा अंदाजित आकार सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला व जागतिक विषमतेचे आकडे वर गेले. आपल्या विषयातील कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या वर्षाच्या किंमतींवर उभा आहे हे प्रथम पाहिले पाहिजे, ते याच कारणासाठी.

दुसरी सावधगिरी उत्पन्न व उपभोग यांच्या भेदाची. २०२५ साली जागतिक बँकेच्या एका टिपणाच्या आधारे भारत हा जगातील अत्यंत समान देशांपैकी एक असल्याचे सांगण्यात आले. २०२२-२३ च्या पाहणीनुसार भारताचा गिनी गुणांक सुमारे ०.२५५ होता हे खरे. परंतु हा गुणांक उपभोगखर्चाचा आहे. श्रीमंत माणूस आपल्या उत्पन्नाचा मोठा भाग शिल्लक टाकतो, म्हणून उपभोगातील विषमता ही उत्पन्नातील विषमतेहून सामान्यतः कमी दिसते. लॅटिन अमेरिकेतील व पुष्कळ धनिक देशांतील गुणांक उत्पन्नाचे असतात. त्यांच्या शेजारी भारताचा आकडा मांडून क्रम लावणे म्हणजे शेर व मण यांची बेरीज करणे होय. त्याच टिपणात भारताच्या उत्पन्नाचा, निराळ्या पद्धतीने काढलेला, गुणांक २००४ मध्ये ०.५२ व २०२३ मध्ये ०.६२ असल्याचा उल्लेख होता. त्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही.

आता वाढीच्या प्रश्नाकडे वळू. सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ साली असे सुचविले होते की, औद्योगिक वाढीच्या आरंभी विषमता वाढते व पुढे ती घटते. अमेरिका, इंग्लंड व जर्मनी यांच्या तुटपुंज्या आकड्यांवर हे अनुमान उभे होते, आणि त्यात तर्काचा भाग फार मोठा आहे असे त्यांनी स्वतःच बजावले होते. पुढे अनेकांनी त्या अनुमानाला नियमाचे रूप दिले. परंतु ब्राझीलमध्ये १९६८ ते १९७३ या काळात वाढीचा वार्षिक वेग दहा टक्क्यांच्या घरात असूनही त्या सुमारास तेथील विषमता वाढली. तैवान व दक्षिण कोरिया येथे १९५० च्या सुमारास जमिनीचे फेरवाटप झाले, शिक्षणाचा प्रसार झाला, व वेगवान वाढ विषमता फारशी न वाढता साधली गेली. वाढीचा वेग सारखा असला तरी ती कोणाच्या वाट्याला येईल हे जमीन, शिक्षण व रोजगार यांच्या वाटपावर अवलंबून असते. आपल्याकडे पुण्याच्या वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली हीच गोष्ट आकड्यांनी दाखविली. १९६० नंतरच्या वर्षांत देशाचा सरासरी उपभोग थोडा वाढला, पण शहरांतील तळच्या थरांची स्थिती उलट खालावली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या विवेचनाला आज एक नवे कारण आहे. जागतिक विषमता घटविण्याचे कार्य गेली चाळीस वर्षे मुख्यतः चीनने केले, कारण तेव्हा तेथील बहुसंख्य लोक जगाच्या सरासरीच्या पुष्कळ खाली होते. आता चीनचे दरडोई उत्पन्न जागतिक सरासरीच्या आसपास पोचले आहे. यापुढे त्याची वाढ झाली तर ती विषमता कमी करणार नाही, कदाचित वाढवीलच. हे कार्य पुढे चालावयाचे असेल तर ते भारताने व आफ्रिकेतील देशांनी, तेही आपल्या तळच्या लोकांना बरोबर घेऊन, केले पाहिजे. केवळ भारताची सरासरी वाढली तर दुसरे माप समाधान देईल. तिसरे माप त्या सरासरीच्या आत डोकावेल. म्हणून विषमतेविषयी कोणतेही विधान करण्यापूर्वी अभ्यासकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत: घटक देश आहे की माणूस, मोजलेली वस्तू उत्पन्न आहे की उपभोग, आणि किंमती कोणत्या वर्षाच्या आहेत. यांची उत्तरे मिळेपर्यंत विषमता वाढली की घटली, हा निर्णय राखून ठेवणेच शास्त्रीय दृष्टीला धरून होईल.