काचेआडचा कार्निव्हल

बेल्जियममधल्या बँशचा कार्निव्हल युनेस्कोने २००३ मध्ये गौरवला. तिथलं कार्निव्हल आणि मुखवट्यांचं संग्रहालय १९७५चं. तिथे काचेआड, ढोलाच्या तालाशिवाय पोशाख निर्जीव वाटतो, हा आक्षेप खरा आहे. पण ‘जिल’ या कार्निव्हलमधल्या पात्राचा हिरव्या चष्म्याचा, मिशांचा, मेण चढवलेला मुखवटा उपवासकाळाआधीच्या मंगळवारी, तोही फक्त सकाळीच चेहऱ्यावर असतो, दुपारी येते शहामृगाच्या पिसांची उंच टोपी. पेंढा भरून फुगवलेली छाती आणि पाठ गर्दीत निरखता येत नाही, आणि प्रथेनुसार जिल गावाबाहेर जात नाहीत. म्हणून ही कारागिरी निवांत पाहायची, तर काचेआडच. हा वेश इंका लोकांवरून आला, ही गावात आवडीने सांगितली जाणारी कथा. तिला ऐतिहासिक पुरावा नाही, आणि मिरवणुकीत तो मागायला सवड कोणाला?