उड्डाणाआधीची सही

वारणेच्या साखर कारखान्याशेजारी राहणाऱ्या कोडोलीकरांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बॉयलर कुणाच्या ताब्यात द्यायचा हे कॉलेजच्या पदवीवर ठरत नाही, त्यासाठी बॉयलर खात्याची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट लागतं. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग, म्हणजे ‘एएमई’, याच जातीचं काम. इथे पदवी दुय्यम, लायसन्स मुख्य. ते देतं दिल्लीचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए.

पालकांची पहिली गल्लत इथेच होते. ‘एरोनॉटिकल’मधला बी.ई. विमानाचा आराखडा आणि मजबुतीची गणितं शिकतो. पण हँगरमधून दुरुस्त होऊन निघालेलं विमान उडवायला हरकत नाही, अशी सही तो निव्वळ त्या पदवीवर करू शकत नाही. ती सही लायसन्सधारकाची, आणि ती झाल्याशिवाय पायलट कितीही अनुभवी असला तरी विमान जागचं हलत नाही.

वाट सुरू होते बारावीपासून. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेऊन पास झालेल्या मुलाला डीजीसीएच्या ‘कार-१४७’ नियमाखाली मान्यता असलेल्या संस्थेत प्रवेश मिळतो. पुढे शाखा पडतात. इंजिन आणि सांगाडा आवडणारा ‘बी-१’ कडे जातो. त्यातही टर्बाइन इंजिनाची विमानं ‘बी-१.१’ मध्ये, पिस्टन इंजिनाची ‘बी-१.२’ मध्ये. वायरिंग, रेडिओ, कॉकपिटमधली उपकरणं ज्याला खुणावतात त्याच्यासाठी ‘बी-२’. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर दिसणारं पंख्याचं एटीआर विमान पाहून ते पिस्टनवर चालत असेल असं वाटतं, पण त्या पंख्यामागे टर्बाइनच असतं. म्हणजे तेही ‘बी-१.१’ वाल्याचंच.

‘बी-१.१’ चा मूळ अभ्यासक्रम २४०० तासांचा, आणि त्यातला बराच मोठा वाटा प्रात्यक्षिकाचा. पेपरांना मॉड्यूल म्हणतात: वीज, डिजिटल तंत्र, साहित्य आणि हार्डवेअर, वायुगतिकी, हवाई कायदे, गॅस टर्बाइन, प्रोपेलर वगैरे. प्रश्न पर्यायी उत्तरांचे, पण पास व्हायला शंभरात ७५ लागतात. पस्तिसावर निभावून नेण्याची सवय इथे उपयोगाची नाही. कोर्स संपला, संस्थेचं सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, पण दोन-चार मॉड्यूल राहिल्यामुळे लायसन्स नाही, अशी मुलं या क्षेत्रात कमी नाहीत.

वर्कशॉपमध्ये हाताला पहिलं वळण लावणारं एक काम म्हणजे लॉक वायर. कंपनाने बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांना आरपार भोकं असतात. त्यांतून बारीक तार ओवून एक बोल्ट दुसऱ्याशी बांधायचा. तारेला इंचाला साधारण सहा ते आठ पीळ, कमीही नाहीत, जास्तही नाहीत. तार अशा बाजूने न्यायची की बोल्ट सुटायला लागला तर ताणाने तो उलट घट्टच व्हावा. उरलेलं टोक आत वळवायचं, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाडतं. बघायला काम दहा मिनिटांचं, पण मास्तर ते कापून पुन्हा करायला लावतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाना फिरवता फिरवता ‘बसला’ म्हणणारे कारागीर आहेत, आणि तो बोल्ट खरंच बसलेला असतो. या हातांचा मला अभिमान आहे. पण विमानाच्या हँगरमध्ये हा अंदाज बाहेर ठेवावा लागतो. का, ते १० जून १९९० रोजी दिसलं. बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच १७ हजार फुटांवर निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन वाचला. उड्डाणाआधीच्या एका रात्रपाळीत काच बदलताना एका अनुभवी माणसाने जुना बोल्ट समोर धरून नजरेने जोडीचे बोल्ट निवडले होते. सुट्या भागांचा कॅटलॉग पाहिलाच नाही. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त बारीक निघाले. ‘ह्यूमन फॅक्टर्स’ हे मॉड्यूल अशाच गोष्टींसाठी आहे: थकवा, घाई, रात्रपाळी आणि फाजील आत्मविश्वास.

परीक्षा झाल्या तरी सही लगेच हाती येत नाही. मान्य संस्थेतून आलेल्याला ‘बी-१.१’ किंवा ‘बी-२’ साठी उडत्या विमानांवर दोन वर्षांचा अनुभव लॉगबुकात दाखवावा लागतो. वय किमान १८. त्यानंतर टाइप रेटिंग. एअरबस ए-३२० शिकलेल्याला बोइंग ७३७ वर सही करता येत नाही, त्याचा वेगळा कोर्स. लायसन्स पाच वर्षांचं असतं, आणि गेल्या दोन वर्षांत सहा महिने प्रत्यक्ष काम नसेल तर हातात लायसन्स असूनही सही करता येत नाही.

शिकायचं कुठे? जुहूला १९२८ पासूनचा बॉम्बे फ्लाइंग क्लब आहे, पुण्यातही संस्था आहेत. मोठ्या विमानांची दुरुस्ती पाहायची तर नागपूरच्या मिहानमधला एअर इंडियासाठी उभारलेला तळ, लढाऊ विमानांसाठी ओझरचं एचएएल. आपल्याकडच्या मुलांना जवळची आणखी एक वाट बेळगावजवळच्या सांबऱ्यातून जाते. हवाई दलातल्या हवाई सैनिकांचं सुरुवातीचं प्रशिक्षण तिथे होतं. दलातला तांत्रिक अनुभव पुढे नागरी लायसन्सला धरला जातो, मात्र नागरी विमानांवरचं काही काम त्याला जोडावं लागतं.

मराठी माध्यमाच्या मुलांनी घाबरायचं कारण नाही, पण मॅन्युअल इंग्रजीतच असतं आणि ते ओळ न ओळ वाचता आलं पाहिजे, असं नियमच सांगतो. फी लाखांत जाते. म्हणून माहितीपत्रकावरचं चकचकीत विमान पाहून भुलण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: डीजीसीएची मान्यता आज चालू आहे का, ती कोणत्या शाखेसाठी आहे, आणि प्रात्यक्षिक कुणाच्या हँगरमध्ये होणार. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर गुळमुळीत आलं, तर परतीची एसटी पकडावी.