अडुळसा वाळवायचा कशाला?

श्रावणात महाड-पोलादपूरकडून हमखास येणारा प्रश्न: परसातली तुळस, गवती चहा, अडुळसा ऐन बहरात आहेत, पण वाळवायचे कसे? चरकसंहितेच्या कल्पस्थानानुसार पानं वर्षा आणि वसंत ऋतूंत काढावीत. सांगणाऱ्याने सावित्रीकाठचा पावसाळा पाहिला नसावा! इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ओटीवर पसरलेली पानं आधी काळी पडतात, मग बुरसतात.

दोष उन्हाला दिला जातो, पण पाणी ओढून घेते ती हवा. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्यातलं बाष्प तेवढंच ठेवून ती 40 अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता 44 टक्क्यांच्या आसपास उतरते. (बाष्पदाबाचं कोष्टक घेऊन स्वतः गणित करून पाहा, मजा येते.) चुलीवरच्या फळीवर जुड्या वाळायच्या त्या याच हिशोबाने. मे महिन्यातले फोटो दाखवून विकले जाणारे सोलर ड्रायर मात्र जुलैत गप्प बसतात.

चाळीसच्या फार वर जाऊ नये. तुळशीतलं युजेनॉल, गवती चहातलं सिट्रल ही उडून जाणारी द्रव्यं. घरभर घमघमाट सुटला, तर डब्यात काय उरलं? आणि पान चुरलं म्हणजे काम झालं असं नाही. देठ कट्कन मोडला पाहिजे. नुसता वाकला, तर त्यातलं पाणी बरणीत पुन्हा पानांत शिरतं.

अडुळशाची गोष्टच वेगळी. शार्ङ्गधरसंहितेचा नियम असा, की वनस्पती वाळलेली घ्यावी, ओली असेल तर दुप्पट. अपवाद मात्र नावानिशी दिलेत: गुळवेल, कुडा, अडुळसा, शतावरी वगैरे नेहमी ओल्याच वापराव्यात, त्याही दुप्पट न करता. उटीला सिंकोनाचं काम पाहणारे रसायनतज्ज्ञ डेव्हिड हूपर यांनी 1888 मध्ये अडुळशातून व्हॅसिसीन वेगळं काढलं. त्याच रेणूवरून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बेतलं गेलं. खोकल्याच्या बाटलीवर हूपरना कोण विचारतो! हे व्हॅसिसीन उन्हा-हवेत हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन बदलतं. म्हणून शार्ङ्गधरांना अल्कलॉइडं ठाऊक होती, असा फॉरवर्ड कृपया पाठवू नका. ओल्याचा गुण वेगळा, हे अनुभवाने कळलं असेल, इतकंच.

अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तो गडग्याला लावतात आणि बारमाही हिरवा राहतो. लागतील तेव्हा चार पानं खुडावीत. गुळवेल तर शेजारच्याच झाडावर चढलेली असते. तिच्या चूर्णाची पाकिटं घेणाऱ्यांनी एकदा मान वर करून बघावं.