पीसीआय बस : एका मार्गावरील दोन विद्युतदाब

मदरबोर्डावरील अनेक घटक ज्या सामायिक तारांमधून एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करतात, त्या तारांच्या संचाला बस म्हणतात. आणि तारेवरील कोणता विद्युतदाब ‘एक’ मानायचा व कोणता ‘शून्य’, याविषयी तिला जोडलेल्या सर्व घटकांचे एकमत असणे ही अशा बसची पहिली अट असते. इंटेल कंपनीने १९९२ मध्ये जाहीर केलेली पीसीआय बस नेमकी अशा वेळी अवतरली, की हे एकमत ढळू लागले होते आणि पाच व्होल्टची जुनी व्यवस्था व ३.३ व्होल्टची नवी व्यवस्था यांना काही वर्षे एकत्र नांदावे लागणार, हे स्पष्ट झाले होते. हा संक्रमणकाळ पीसीआयने ज्या रीतीने पार पाडला, ती अभियांत्रिकीतील दूरदृष्टीचे उत्तम उदाहरण आहे.

पाच व्होल्टची प्रथा १९६० च्या दशकात रूढ झालेल्या टीटीएल या चिपकुलापासून चालत आली होती. ट्रान्झिस्टर जसजसे लहान होत गेले तसतसा त्यांच्या आतील विद्युतरोधक थरही पातळ होत गेला आणि त्याला पाच व्होल्टचा ताण सोसवेना. शिवाय चिपमधील तारा भारित व रिक्त करण्यात खर्च होणारी शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे दाब पाचवरून ३.३ वर आणला, की तेवढ्याच वेगाने तेच काम करताना ही शक्ती सुमारे ४४ टक्क्यांवर येते. उष्णता आणि वीज या दोन्हींची बचत करणारा हा बदल अटळ होता, परंतु बाजारातील सर्व कार्डे आणि सर्व मदरबोर्ड एकाच दिवशी बदलणे शक्य नव्हते.

या दोन व्यवस्थांमधील विसंगती दोन्ही बाजूंनी सारखी नाही. टीटीएलच्या नियमानुसार ०.८ व्होल्टपर्यंतचा दाब शून्य आणि २ व्होल्टपासून वरचा दाब एक मानला जातो, त्यामुळे ३.३ व्होल्टच्या चिपने पाठवलेला ‘एक’ टीटीएल पद्धतीच्या पाच व्होल्टच्या चिपला विनासायास कळतो. उलट दिशेने मात्र प्रश्न केवळ आकलनाचा राहत नाही. बहुतेक चिपांच्या प्रवेशटोकाशी एक संरक्षक डायोड असतो, आणि प्रवेशटोकावरील दाब चिपच्या स्वतःच्या पुरवठ्यापेक्षा अर्ध्या-पाऊण व्होल्टने वर गेला की तो वाहू लागतो. त्यामुळे ३.३ व्होल्टच्या साध्या चिपवर पाच व्होल्टचा सिग्नल आला, तर नको असलेला प्रवाह त्या डायोडमधून तिच्या पुरवठ्यात शिरतो, चिप तापते आणि प्रसंगी कायमची निकामी होते. असा वाढीव दाब सोसण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या चिपांना ‘पाच व्होल्ट सहिष्णू’ म्हटले जाते.

दोनच घटक समोरासमोर जोडलेले असतील तर ही अडचण त्या दोघांपुरती राहते, पण सामायिक बसवर एका घटकाने तारेवर सोडलेला दाब बाकी सर्वांपर्यंत पोहोचतो. पीसीआयमध्ये तर सिग्नलचे परावर्तन हा आराखड्याचाच भाग आहे : पाठवणारी चिप तारेवर अपुऱ्या उंचीची लाट सोडते, ती तारेच्या मोकळ्या टोकावरून परतते आणि मूळ व परतलेल्या लाटेच्या बेरजेतून अपेक्षित दाब तयार होतो. या पद्धतीत दाब क्षणभर मर्यादेबाहेर उसळू शकतो आणि तो आवरणाऱ्या डायोडांना आपली मर्यादा ठाऊक असावी लागते. म्हणूनच एका बसवरील सर्व सिग्नल एकाच दाबाचे असावेत आणि तो दाब मदरबोर्डाने ठरवावा, असा नियम करण्यात आला.

हा नियम प्लास्टिकच्या एका लहानशा आडव्याने पाळून घेतला. पाच व्होल्टच्या स्लॉटमध्ये हा आडवा एका जागी असतो आणि ३.३ व्होल्टच्या स्लॉटमध्ये दुसऱ्या; कार्डाच्या कडेवर त्याच जागी खाच नसेल तर ते कार्ड स्लॉटमध्ये बसतच नाही. ३.३ व्होल्टची खाच कार्डाच्या धातूच्या पट्टीपासून ५६.२१ मिलिमीटरवर, तर पाच व्होल्टची १०४.४७ मिलिमीटरवर असते. ज्या कार्डावर दोन्ही खाचा असतात त्याला सार्वत्रिक कार्ड म्हणतात, आणि ते दोन्ही ठिकाणी चालते; कारण स्लॉटमधील काही पिना केवळ सिग्नलचा दाब पुरवण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात आणि सार्वत्रिक कार्डाच्या सिग्नल पाठवणाऱ्या व घेणाऱ्या भागांना त्याच पिनांमधून वीज मिळते. कार्डाला चालण्यासाठी मिळणारी वीज आणि बसवरील सिग्नलचा दाब या दोन गोष्टी अशा रीतीने वेगळ्या केल्या गेल्या, हीच या रचनेची खरी बुद्धिमत्ता होय.

जुन्या व्यवस्थेची निवृत्तीही तितक्याच विचाराने घडवली गेली. ६६ मेगाहर्ट्झचा वाढीव वेग फक्त ३.३ व्होल्टच्या सिग्नलांना देण्यात आला, तर पाच व्होल्टची बस ३३ मेगाहर्ट्झवरच राहिली. २००२ मधील २.३ आवृत्तीने केवळ पाच व्होल्टवर चालणारी कार्डे मानकातून वगळली, आणि त्यानंतर २००४ मधील ३.० आवृत्तीने पाच व्होल्टचे स्लॉटही वगळले. हा क्रम उलटा असता, तर नव्या मदरबोर्डांवर न बसणारी कार्डे मानकाच्या संमतीनेच तयार होत राहिली असती.

याच प्रश्नाची इतर उत्तरेही अभ्यासण्याजोगी आहेत. स्कझी बसने एक तार केवळ ओळखीसाठी राखली, आणि जुन्या पद्धतीचे एक जरी उपकरण जोडले गेले तरी त्या तारेवरील दाब पाहून दोन्ही पद्धती जाणणारी नवी उपकरणे स्वतःहून जुन्या, संथ पद्धतीवर उतरतात. फिलिप्सच्या आय-स्क्वेअर-सी बसवर घटक तार फक्त खाली ओढतात आणि तिला वर नेण्याचे काम रोधक करतो, त्यामुळे प्रत्येक तारेत एक मॉसफेट ट्रान्झिस्टर घालून दोन दाबांचे भाग दोन्ही दिशांनी जोडता येतात. पीसीआयची उत्तराधिकारी असलेल्या पीसीआय एक्सप्रेसने सामायिक तारच सोडून दिली. तिथे दोनच टोके समोरासमोर असतात आणि मधले कपॅसिटर स्थिर दाब अडवून फक्त बदल पुढे जाऊ देतात.

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. पाच व्होल्टचा आर्डुइनो उनो आणि ३.३ व्होल्टचा रास्पबेरी पाय हे दोन्ही आज प्रयोगशाळांतील टेबलांवर शेजारीशेजारी असतात, आणि त्यांच्या पिनांवर चुकीची जोडणी रोखणारा कोणताही आडवा नसतो. त्यामुळे दोन घटक जोडण्यापूर्वी दोन्हींच्या माहितीपत्रकातील ‘एक’ व ‘शून्य’ यांच्या मर्यादा आणि कमाल सोसण्याजोगा दाब ताडून पाहणे, आणि तो जुळत नसेल तर मध्ये दाब बदलणारा परिपथ घालणे, ही सवय प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या जोडणीपासूनच लावून घ्यावी.